चालकाच्या डोक्यामागची कमान

उसाचा हंगाम आला की कराड-वाळव्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. चालकाच्या डोक्यावर छत असते, पण ते बहुधा उन्हापुरतेच. चढावर भरल्या ट्रॉल्या मागे ओढू लागल्या, की पुढची चाके उचलली जातात. उडी मारायला वेळ मिळत नाही.

या मुलखाची लोखंडाशी ओळख जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर नांगरांचा कारखाना आणला. ते नांगर बैल ओढत. बैलांच्या जागी यंत्र आले आणि उलटण्याचा धोकाही आला.

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला पोलादी चौकट सक्तीची केली. फॉर्म्युला वनच्या उघड्या गाड्यांना डोक्यामागची कमान सक्तीची झाली ती १९६१ मध्ये. शर्यतवाल्यांच्या आधी शेतकऱ्याचा विचार झाला, हे मला विशेष वाटते! पोर्शेची टार्गा १९६५ ची. तिने हीच कमान शोभेची केली.

वाहन उलटले तरी चौकट भार पेलते आणि चालकापुरती जागा शाबूत राहते. मात्र कमरेला पट्टा हवा. नसेल तर बाहेर फेकलेला माणूस त्याच चौकटीखाली सापडू शकतो. स्वीडनमध्ये पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही चौकटी बसवून घेतल्या गेल्या.