'इजा' या शब्दाची ४६ वर्षं

निधीवर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी आकडे गोळा करायला लागतो. पण पैसा कायद्यातल्या कोणत्या शब्दाच्या आधारे मिळतो, हे आधी बघावं.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. १९७६ साली तिथे 'पब्लिक सेफ्टी ऑफिसर्स बेनिफिट्स' कायदा झाला. पोलीस किंवा अग्निशमन जवान कर्तव्यावर गेला, तर कुटुंबाला ५०,००० डॉलर. मात्र मृत्यू 'इजे'मुळे झालेला हवा. नियमावलीने इजा म्हणजे शरीराची जखम असं ठरवलं आणि ताणतणाव स्पष्टपणे वगळला.

मग आग विझवून आलेला जवान हृदयविकाराने गेला तर? दावा इथेच अडकायचा. २००३ च्या 'होमटाउन हीरोज' कायद्याने वाट काढली. दमछाक करणाऱ्या कामानंतर २४ तासांत झटका आला, तर तो कामामुळेच आला असं गृहीत धरलं जाऊ लागलं. सिद्ध करण्याचं ओझं कुटुंबावरून उतरलं.

मन मात्र बाहेरच राहिलं. खरं तर आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, १९८० पासूनच अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत यादीत होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या झाड्रोगा कायद्यावर जानेवारी २०११ मध्ये सही झाली. त्यातली विसंगती बघा: आरोग्य योजनेतून पीटीएसडीवर उपचार मिळतात, पण त्याच कायद्याने पुन्हा उघडलेल्या भरपाई निधीतून मानसिक आजारासाठी पैसे मिळत नाहीत. आजार मान्य, नुकसान अमान्य!

६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर हल्ला झाला. तिथे तैनात असलेल्या काही पोलिसांनी नंतर आत्महत्या केल्या, आणि हा प्रश्न टाळणं अवघड झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा बदलला. कर्तव्यावरच्या आघातातून आलेला पीटीएसडी आणि आत्महत्या, दोन्ही लाभाच्या कक्षेत आले. पण १ जानेवारी २०१९ पासूनच्या घटनांनाच. त्याआधी गेलेल्यांची कुटुंबं रेषेच्या पलीकडेच राहिली.

म्हणून अशा विषयावर काम करणार असाल, तर मंजूर रकमांवर थांबू नका. व्याख्या कधी बदलली, कुणाच्या दबावाने बदलली आणि कोणत्या तारखेपासून लागू झाली, हे शोधा. नाकारलेले दावेही वाचा. शब्द कुठे तोकडा पडला, ते तिथेच कळतं.