वर्गातल्या जागेचा मागोवा

जून १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला दारातूनच परत पाठवले गेले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाने सरकारकडे दाद मागितली. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका अर्जदारापायी शाळा ओस पडेल, म्हणून प्रवेश नाकारला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्याला तोवर काही वर्षे झाली होती, तरी सरकारला धीर झाला नाही. अखेर १८५८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचा निर्वाळा दिला.

दार उघडले, तरी आत बसायला जागा मिळाली का, हे पाहायला आपण साताऱ्याला जाऊ. तिथे १९०० साली शाळेत गेलेल्या भीमराव आंबेडकरांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही. हे सरकारी शाळेत, निर्वाळ्याला चार दशके उलटून गेल्यावर! १९१९मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि त्या मुलांना इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. या साऱ्या वाटचालीतले हे सर्वांत मोठे वळण, असे मला वाटते. वेगळ्या शाळेला पैसे देऊन दाता मोकळा होतो. महाराजांनी ती पळवाटच बुजवली. शाळांसह सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३मध्ये आला. पुढे १९४५मध्ये बोर्डीत शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली आणि दलित वस्तीतली मुले येईनात तेव्हा ती त्यांच्या अंगणात नेली.

बोर्डीच्या बाजूने जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवरचेच दहिसर १९५७मध्ये बृहन्मुंबईत आले; आजच्या वर्गातली जागा तिथे पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून, किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली. दहिसरच्या दाट वस्तीत या सुटीबाहेर फारच थोड्या शाळा उरल्या असत्या. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत एक कलम आहे: या पंचवीस टक्के जागांवरच्या मुलांना इतरांपासून वेगळे बसवू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरवू नयेत. या जागांच्या सोडतीत नाव लागलेल्या मुलांच्या पालकांना दहिसरच्या प्रत्येक शाळेने हे कलम प्रवेशाच्याच दिवशी वाचून दाखवायला हवे.