दोन सर, एक पाटी : दांडिया बाजारातल्या एका क्लासचा दावा

आपल्या मंडळात वाडे, दरवाजे, मोडी कागद, सरदारांच्या वंशावळी यांवर बरेच निबंध वाचले गेले. मी आज जे दफ्तर उघडते आहे ते फार जुनं नाही. सन 1968 ते 1986 एवढाच त्याचा काळ. त्यात ना सनद, ना शिक्का. आहे तो एका ट्यूशन क्लासच्या दोन भागीदारांमधला दिवाणी दावा. त्यातले एक भागीदार माझे बाबा. त्यामुळे हा निबंध लिहावा की नाही यावर वर्षभर विचार केला, आणि मग लिहिलाच.

दोघांची नावं मी देणार नाही, क्लासचंही नाही. बाबा गणित शिकवायचे, म्हणून विद्यार्थ्यांसाठी ते ‘गणिताचे सर’. दुसरे ‘इंग्रजीचे सर’. आम्हा मुलांचे मात्र ते काका. रक्ताचे नव्हेत, पण दिवाळीचा पहिला फराळ त्यांच्याकडून यायचा आणि आमचा त्यांच्याकडे जायचा.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण हा क्लास आकाशातून पडला नाही. बडोद्यात खाजगी शिकवणीला चांगलीच प्रतिष्ठा होती. कवळाण्याहून आलेल्या मुलाला 1875 मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवलं, तेव्हा त्याला शिकवण्यासाठी एलियटसाहेबांची नेमणूक झाली. तेच पुढे महाराजा सयाजीराव, ज्यांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. राजवाड्यात शिकवणी, सरदारांकडे शिकवणी, आणि त्यांचं पाहून कारकुनांच्या घरीही शिकवणी.

मग 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं. आपल्या मराठी घरांमधली दरबारी नोकरी संपली, कारभाराची भाषा गुजराती झाली. पुष्कळ घरांतले शिकलेले लोक शाळा, बँक, रेल्वे, युनिव्हर्सिटी इकडे वळले. गुजराती शाळांत त्या काळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. वरचं शिक्षणही गुजरातीतून द्यावं असा आग्रह धरणाऱ्या मगनभाई देसाईंच्या नावावरून लोक ‘मगन माध्यम’ अशी थट्टा करत. आणि आपली महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी 1949 पासून इंग्रजी माध्यमाची. म्हणजे अकरावीपर्यंत गुजरातीत शिकलेलं पोर एकदम इंग्रजीच्या खोल पाण्यात. त्यातच 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, खताचा कारखाना आला, 1969 मध्ये आयपीसीएल स्थापन झालं. इंजिनियर झालं तर घराजवळच नोकरी, हे प्रत्येक आईबापाला दिसू लागलं. गणित आणि इंग्रजी, या दोन विषयांना सोन्याचा भाव आला.

बाबा आणि काका एकाच शाळेत मास्तर होते. दोघांनी 1968 च्या जूनमध्ये आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माडीवर क्लास सुरू केला. सकाळची बॅच साडेसहाला, संध्याकाळच्या दोन. बाकं रावपुऱ्यातल्या सुताराकडून करवून घेतली. बाहेर एक पाटी, त्यावर क्लासचं नाव आणि खाली दोघांची. जिन्यावर चपलांचा ढीग असा पडायचा की आई म्हणायची, “देवळात तरी इतक्या नसतील.” काका रात्री बसून इंग्रजी व्याकरणाच्या नोट्स लिहायचे, त्या सायक्लोस्टाइल करून वाटल्या जायच्या. आज साठीच्या पुढे असलेले कितीतरी बडोदेकर अजून त्या नोट्सची आठवण काढतात. या नोट्स लक्षात ठेवा, त्या पुढे येणार आहेत.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : काकांना पैशाचा मोह झाला, त्यांनी 1980 मध्ये बाबांना न सांगता फत्तेगंजात युनिव्हर्सिटीजवळ स्वतःच्या नावानं वेगळी बॅच काढली, आमची मुलं पळवली, आणि वर बाबांवरच दावा ठोकला. मी ही गोष्ट ऐकतच मोठी झाले. रस्त्यात काका दिसले तर मान वळवायची, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आम्ही ते आपोआप शिकलो.

बाबा 2019 मध्ये गेले. त्यानंतर माडी आवरताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. लाल फडक्यात बांधलेल्या तीन गठ्ठ्यांत दाव्याचे कागद : अर्जाची नक्कल, बाबांची कैफियत, मनाई हुकूम, कमिशनरचा अहवाल, शेवटी समजुतीचा हुकूमनामा. भाषांचीही गंमत. दावा गुजरातीत, हिशेब इंग्रजीत, समासातल्या बाबांच्या टिपा मराठीत.

आता कायद्याचं थोडं. भागीदारीचा कायदा 1932 चा. त्यात पेढीची नोंदणी सक्तीची नाही, पण कलम 69 मध्ये मेख आहे : नोंदणी नसेल तर भागीदाराला करारातले हक्क बजावण्यासाठी कोर्टात जाता येत नाही. क्लासची नोंदणी कधीच झाली नव्हती. मास्तरांच्या क्लासची नोंदणी कोण करतो? बाबांच्या वकिलांनी पहिला मुद्दा हाच घेतला. पण त्याच कलमात पुढे सवलत आहे, की पेढी मोडण्याचा आणि मोडलेल्या पेढीचा हिशेब मागण्याचा हक्क नोंदणीवाचूनही राहतो. काकांनी मे 1981 मध्ये रजिस्टर पोस्टानं नोटीस देऊन भागीदारी संपवली होती. मुदत न ठरलेली भागीदारी अशा लेखी नोटिशीनं मोडता येते. मग ऑगस्टमध्ये त्यांनी हिशेबाचा दावा लावला. म्हणजे दावा नीट बांधलेला होता.

बाबांच्या कैफियतीतला दुसरा मुद्दा मी तीनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की भागीदारी कधी नव्हतीच. वादी हे पगारी शिक्षक होते, त्यांना दरमहा ठरावीक मोबदला दिला जाई, आणि कोणताही लेखी करार अस्तित्वात नाही.

असं का म्हटलं असेल? मला आधी वाटलं, पैशासाठी. भागीदार म्हटलं की काही वेगळं ठरलेलं नसल्यास नफा समान वाटायचा, आणि वह्या पाहण्याचा हक्क दोघांनाही. पण समासातल्या एका टिपेत एकच शब्द होता, दोनदा अधोरेखित : ‘नोट्स’. मग उलगडलं. लेखनाच्या मालकीबद्दल 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की लिहिणारा तो पहिला मालक, पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकी नोकरी देणाऱ्याची. काका भागीदार ठरले तर इंग्रजीच्या नोट्स काकांच्या. काका नोकर ठरले तर बाबांच्या. क्लासची बाकं, फळा, पाटी यांची किंमत ती काय? खरी इस्टेट म्हणजे त्या सायक्लोस्टाइलच्या कागदांचा गठ्ठा. तो हातातून जाऊ नये म्हणून तेरा वर्षांच्या सोबत्याला नोकर म्हटलं गेलं.

आणि इथे बाबांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. भागीदारीच्या कायद्यात कलम 16 आहे. भागीदार असताना कोणी पेढीशी स्पर्धा करणारा तोच धंदा वेगळा काढला, तर त्यातला नफा त्यानं पेढीला आणून द्यायचा. काकांनी फत्तेगंजातली बॅच नोटिशीच्या आधी एक वर्ष सुरू केली होती. म्हणजे त्या वर्षाच्या नफ्यावर बाबांचा वाजवी हक्क होता. घरातली आमची तक्रार खोटी नव्हती, कायदाही त्या बाबतीत आमच्या बाजूनं होता. पण हा हक्क मागायचा तर आधी भागीदारी कबूल करायला हवी. ती नाकारल्यावर फत्तेगंजाबद्दल बोलायला तोंडच उरलं नाही.

न्यायमंदिरात, म्हणजे सुरसागराकाठच्या त्या 1896 च्या इमारतीत, हा दावा साडेचार वर्षं चालला. चिमणाबाई महाराणींच्या पुतळ्याच्या दालनातून मी शाळकरी असताना बाबांचा डबा घेऊन गेल्याचं आठवतं. त्या वास्तूच्या कमानींबद्दल आणि मोझेकबद्दल आपण सगळे कौतुकानं बोलतो. मला मात्र तिथलं बाक आठवतं, ज्याच्या एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला काका बसायचे, मध्ये दोन अनोळखी पक्षकार. न्यायालयं 2018 मध्ये नव्या इमारतीत हलली. ते बाक कुठे गेलं कोणास ठाऊक.

मनाई हुकूम ऑक्टोबर 1981 मध्ये आला. पेढीचं काम पुरतं निकालात निघेपर्यंत दोघांपैकी कोणीही क्लासचं नाव वापरायचं नाही. आमच्या दारावरच्या पाटीला आईनं जुन्या धोतराचं फडकं बांधलं. वाऱ्यानं ते उडायचं आणि अर्धं नाव दिसायचं. त्या वर्षी सकाळच्या बॅचला निम्मी मुलं उरली. पालकांचं काय चुकलं? ज्या क्लासला नाव नाही तिथे दहावीचं पोर कोण पाठवील?

काकांकडे करार नव्हता. त्यांनी पावतीपुस्तकं दाखल केली, ज्यांवर दोघांच्या सह्या होत्या, आणि बँकेच्या संयुक्त खात्याचे उतारे. भागीदारी आहे की नाही हे कागदाच्या मथळ्यावरून नव्हे, तर सगळी वस्तुस्थिती एकत्र पाहून ठरवायचं, असं कायदाच म्हणतो. हिशेब तपासायला 1983 मध्ये कमिशनर नेमला गेला. त्याच्या अहवालात सात महिन्यांच्या फीच्या नोंदी सापडत नसल्याचं लिहिलं आहे. वह्या बाबांकडे असत. पुढे 1985 मध्ये राखीव जागांविरुद्धचं आंदोलन पेटलं, शाळा-कॉलेजं बंद, तारखांवर तारखा पडल्या. दोघंही थकले असावेत. फेब्रुवारी 1986 मध्ये तडजोड झाली : बाबांनी काकांना 18,500 रुपये द्यायचे, बाकं निम्मी निम्मी, नोट्स काकांच्या, आणि क्लासचं नाव यापुढे कोणीच वापरायचं नाही. हुकूमनाम्यातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात कठोर वाटतं. अठरा वर्षांत मिळवलेली पत, कायद्याच्या भाषेत ‘गुडविल’, जी विकता आली असती, ती दोघांनी मिळून पुरून टाकली.

तिसऱ्या गठ्ठ्याच्या तळाशी एक स्टॅम्पपेपर होता. तारीख 1971 ची. मजकूर मराठीत, बाबांच्याच वळणदार अक्षरात, पाच ओळींचा. आपण दोघं हा क्लास भागीत चालवत आहोत, नफा-तोटा निम्मा निम्मा, हिशेब दर दिवाळीला. खाली दोघांच्या सह्या. जो करार अस्तित्वात नाही असं बाबांनी शपथेवर सांगितलं, तो अडतीस वर्षं आमच्या माडीवर होता. त्यांनी तो फाडला नाही, हेही मला नोंदवायला हवं. का फाडला नसेल, यावर मी खूप विचार केला आहे. हिशेबी माणूस कागद फाडत नाही एवढंच असेल. किंवा आणखीही काही असेल.

काका 1998 मध्येच गेले. त्यांच्या मुलाला, ज्याला मी लहानपणी दादा म्हणायची, गेल्या वर्षी फोन केला. तो आता अलकापुरीला राहतो. कराराची झेरॉक्स घेऊन गेले. त्यानं चष्मा लावून ती वाचली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं, की असा कागद कधी झालाच नाही. बाबा म्हणायचे झालाय, आणि ती म्हणायची, मग दाखवा.” मी म्हटलं, “दादा, फत्तेगंजची बॅच काकांनी सांगून काढायला हवी होती.” तो म्हणाला, “हो, तेही खरंच.” चहा झाला. निघताना त्यानं मला एक पाकीट दिलं. त्यात व्याकरणाच्या नोट्सचा एक पिवळा पडलेला संच होता, आणि पहिल्या पानावर तळाला क्लासचं जुनं नाव.

वाड्याच्या इतिहासात आपण मालकाचा पक्ष घेत नाही, तारखा आणि कागद बोलू देतो. घरच्या इतिहासाला तोच नियम लावायला फार जड जातं, एवढंच मला या दफ्तरातून कळलं. एक विनंतीही आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे क्लास, खानावळी, छापखाने, दुकानं भागीत चालली असतील आणि मोडली असतील. दरबार गेल्यावर इथला मराठी समाज कशावर जगला, याचं उत्तर सरदारांच्या सनदांपेक्षा या पावतीपुस्तकांत जास्त आहे. ती रद्दीत देऊ नका.

माझी ट्रंक मी मंडळाच्या संग्रहाला देते आहे. करार आणि कैफियत एकाच पाकिटात ठेवावेत, वेगळे करू नयेत, ही माझी अट आहे. नोट्सचा संच मात्र दादाच्या परवानगीनंच ठेवायचा. तो त्यांचा आहे, हे आता लेखी ठरलेलं आहे.