उंट, जीप आणि वाटेतच संपणारा माल

माल वाहणारा त्याच मालावर पोट भरत असेल, तर ठरावीक अंतरावर जास्तीत जास्त किती माल पोचवता येईल? या कोड्याची सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद युरोपातल्या एका लॅटिन संग्रहात सापडते. तरुणांची बुद्धी तल्लख करण्यासाठी रचलेल्या पन्नासहून अधिक कोड्यांचा हा संग्रह आल्कुइनच्या नावावर आहे. आल्कुइन (सुमारे ७३५ ते ८०४) मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कचा, पुढे सम्राट शार्लमेनच्या दरबारातला विद्वान. मराठी घरांत वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याचे जे कोडे घालतात, त्याचे लांडगा, शेळी आणि कोबी हे रूपही याच संग्रहात आहे.

मालवाहतुकीचे कोडे असे: एका गृहस्थाला ९० मापे धान्य ३० लीग (लीग हे अंतराचे जुने माप) अंतरावरच्या आपल्या दुसऱ्या घरी न्यायचे आहे. उंट एकच. तो एका खेपेला ३० मापे वाहतो आणि दर लीगला एक माप खातो. शेवटी किती धान्य उरेल? उंट थेट निघाला तर पोचेपर्यंत पाठीवरचे सगळे फस्त करील, म्हणून वाटेत कुठेतरी साठा करणे भाग आहे. संग्रहातल्या उत्तरात हा साठा २० लीगवर केला आहे. तिन्ही खेपांत उंट २०-२० मापे खातो, दर वेळी १० उरतात, साठ्यावर ३० जमतात. शेवटच्या १० लीगांत आणखी १० जातात. पोचतात २० मापे.

उत्तर सुबक आहे, पण सर्वोत्तम नाही. शिवाय त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरली आहे: रिकामा परतणारा उंट काहीच खात नाही. हे गृहीत मान्य केले, तरी अधिक धान्य पोचवता येते. पहिला साठा १० लीगवर करावा. तीन खेपांत ३० मापे खर्च होतात आणि ६० उरतात. ६० मापांना दोनच खेपा पुरतात, म्हणून इथून पुढे दर लीगला तीनऐवजी दोनच मापे जातात. आणखी १५ लीगांवर ३० मापे राहतात, म्हणजे एका खेपेचा माल. उरलेले ५ लीग एकाच फेरीत, ५ मापांच्या खर्चात. पोचतात २५. उंट परतीच्या वाटेवरही खातो असे धरले तर साठे ६ आणि १६ लीगवर येतात आणि हाती १६ मापे लागतात.

कोड्याचे सगळे मर्म साठ्याच्या जागेत आहे. एखाद्या टप्प्यावर दर लीगला किती धान्य जाते, हे तो टप्पा किती वेळा ओलांडावा लागतो यावर ठरते. उरलेला माल पूर्ण खेपांइतका झाला की एक खेप वाचते, आणि साठा नेमका तिथेच हवा. त्याआधी थांबले तर काही लाभ नाही. त्यापुढे गेले तर जास्तीची खेप फुकट. आल्कुइनच्या उत्तरातला उंट १० ते २० लीगमधला टप्पा गरज नसताना तिसऱ्यांदा तुडवतो, हाच त्यातला तोटा.

इ. स. १५०० च्या सुमारास इटलीत लुका पाचोली या गणिती पाद्र्याने ‘दे विरिबुस क्वान्तितातिस’ या हस्तलिखितात हाच प्रश्न सफरचंदांवर घातला. त्यात उंट नाही. वाहणारा माणूसच दर मैलाला एक सफरचंद खातो.

युरोपात हे कोडे करमणुकीपुरते असताना चीनमध्ये त्याच जातीचा हिशोब लढाईसाठी मांडला गेला होता. सोंग राजवटीतला अधिकारी आणि शास्त्रज्ञ शेन कुओ याने १०८० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम शिया राज्याच्या सीमेवर काम केले होते, त्यामुळे रसदीचे हाल त्याला ठाऊक होते. १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मंगशी बितान’ या ग्रंथात तो हिशोब देतो. हमाल सहा दोऊ (धान्याचे चिनी माप) तांदूळ वाहतो, सैनिकाजवळ पाच दिवसांचा शिधा असतो, आणि दोघेही त्यातूनच जेवतात. एका सैनिकामागे एक हमाल असेल तर १८ दिवसांची चाल होते. परतायचे असेल तर ९ दिवसच पुढे जाता येते. दोन हमाल दिले तर २६ आणि १३. तीन दिले तर ३१ आणि १६. ओझे संपलेल्या हमालाला परतीचा शिधा देऊन मागे पाठवायचे, हेही या हिशोबात धरलेले आहे.

पहिल्या जादा हमालाने ८ दिवस मिळाले, दुसऱ्याने अवघे ५. शेन कुओच्या मते तीन हमाल ही हद्द झाली. एक लाखाच्या फौजेत सामानसुमान सांभाळणारे वगळून ७० हजार लढणारे उरतात आणि त्यांना पोसायला ३ लाख हमाल लागतात. जनावरांचाही विचार त्याने केला आहे. उंट तीन शी, म्हणजे पाच हमालांचे ओझे वाहतो. पण चारापाण्याची आबाळ झाली की जनावर मरते आणि त्याच्याबरोबर त्याचे ओझेही टाकून द्यावे लागते. आल्कुइनच्या उंटाला मरण नाही. शेन कुओचा हिशोब कोडे म्हणून कमी नेटका असला, तरी वाटेची जाण त्यात जास्त आहे.

चारा वाटेवरच मिळाला तर कोडे उरतच नाही. दख्खनमध्ये आणि उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांचे, म्हणजे लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत ते याच बळावर. पाठीवर गोणी घेतलेले बैल माळावर चरत चालत, त्यामुळे गोणीतले धान्य शाबूत राही. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये भेटलेल्या एका तांड्यात १४ हजार बैल होते. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेचे धान्यही अशाच तांड्यांकडून येई. या सोयीची किंमत वेळात मोजावी लागे, कारण चरत जाणारा तांडा मंद चाले. आणि दुष्काळात माळ करपले की तांड्याचा बैलही आल्कुइनच्या उंटासारखा गोणीतच तोंड घालणार.

विसाव्या शतकात पेट्रोलने हा प्रश्न पुन्हा पुढे आणला, कारण इंजिन चरत नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमाने बंगालमधल्या खरगपूर आणि आसपासच्या तळांवर होती. जपान तिथून त्यांच्या पल्ल्याबाहेर होता. म्हणून हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूजवळ पुढचे तळ उभारले गेले, आणि तिथले इंधन व बॉम्ब विमानांनीच, त्यात बी-२९ सुद्धा, वाहून नेले. एका हल्ल्याचा साठा जमवायला अनेक फेऱ्या लागत, आणि प्रत्येक फेरी स्वतःही इंधन जाळी. चेंगडूहून पहिला हल्ला जून १९४४ मध्ये जपानमधल्या यावाता या पोलादनगरीवर झाला. पुढे मारियाना बेटे हाती आली, तिथे जहाजाने इंधन पोचू लागले आणि जानेवारी १९४५ मध्ये चेंगडूहून होणारे हल्ले थांबले. गणितापेक्षा वाट बदलणे स्वस्त पडले.

युद्ध संपल्यावर लगेच गणितज्ञांनी प्रश्नाला नेमके रूप दिले. ओलाफ हेल्मर यांनी १९४६ च्या अखेरीस अमेरिकेतल्या रँड प्रकल्पासाठी त्यावर टिपण लिहिले. नेथन फाइन यांचा ‘द जीप प्रॉब्लेम’ हा लेख १९४७ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त आला, आणि तेव्हापासून प्रश्न जीपच्या नावाने ओळखला जातो. जीप एका वेळी एक टाकी इंधन नेऊ शकते. वाळवंटात ती हवे तिथे साठे ठेवू शकते. एका टाकीत जाता येणारे अंतर १ धरले, तर दोन टाक्यांत किती जाता येईल? पहिल्या फेरीत १/३ अंतरावर जावे, १/३ टाकी तिथे ठेवून परतावे. दुसऱ्या फेरीत त्याच जागी पोचल्यावर टाकीत २/३ असते. साठ्यातले १/३ घेतले की टाकी भरते आणि पुढे पूर्ण १ अंतर मिळते. एकूण ४/३. तिसरी टाकी १/५ ची भर घालते, चौथी १/७ ची. परत यायचे असेल तर श्रेणी १/२ + १/४ + १/६ अशी होते.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत केळी वाहणाऱ्या उंटाचे कोडे असते. केळी ३०००, एका वेळी १०००, अंतर १००० किलोमीटर, दर किलोमीटरला एक केळे. त्याचे उत्तर याच श्रेणीत आहे. तीन ओझ्यांत उंट १ + १/३ + १/५, म्हणजे १५३३ १/३ किलोमीटर जाऊ शकतो. बाजार १००० किलोमीटरवर असल्याने ५३३ १/३ केळी शिल्लक राहतात.

या श्रेणीची बेरीज कुठेही थांबत नाही. पदे लहान होत जातात, तरी बेरीज हवी तितकी मोठी करता येते. हिच्याशी जवळचे नाते असलेल्या हार्मोनिक श्रेणीचा (१ + १/२ + १/३ + …) हा गुण चौदाव्या शतकात निकोल ओरेम याने सिद्ध केला होता. म्हणून इंधन पुरेसे असेल तर जीप कितीही रुंद वाळवंट ओलांडू शकते. मात्र बेरीज फार सावकाश वाढते. एका टाकीत ५०० किलोमीटर जाणाऱ्या जीपला १००० किलोमीटरसाठी ८ टाक्या लागतात, १५०० साठी ५७ आणि २००० साठी ४१९. दर ५०० किलोमीटरमागे गरज सुमारे सातपट होते. शेन कुओला तिसऱ्या हमालापाशी जी भिंत लागली, ती हीच.

१९७० मध्ये डेव्हिड गेल यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’तच एकाहून अधिक जीपचा विचार केला. इंधन फक्त बंद डब्यांतून नेता येते, अशा अटीची रूपेही पुढे अभ्यासली गेली. अनेक वाहनांनी एकमेकांना इंधन देण्याचे प्रत्यक्षातले एक ठळक उदाहरण १९८२ च्या फॉकलंड युद्धातले आहे. ३० एप्रिलच्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची दोन व्हल्कन बॉम्बर विमाने ११ व्हिक्टर टँकर विमानांसह असेन्शन बेटावरून उडाली. फॉकलंड सुमारे ६३०० किलोमीटर दूर होते आणि साठा ठेवायला खाली फक्त समुद्र. त्यामुळे टँकर बॉम्बरला इंधन देत, टँकर टँकरलाही देत, आणि देण्याजोगे इंधन संपले की टँकर मागे वळे. एका व्हल्कनला सुरुवातीलाच बिघाडामुळे परतावे लागले. दुसरे फॉकलंडची राजधानी स्टॅनलीच्या धावपट्टीपर्यंत पोचले आणि २१ बॉम्ब टाकून, वाटेत पुन्हा इंधन घेऊन, असेन्शनला उतरले.