बुटांच्या खोक्यातली पुडी आणि हिमालयावरची इंजिनं

नवीन बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' असं लिहिलेली एक पुडी निघते आणि आपण ती फेकून देतो. तिच्यात सिलिका जेल असतं. ते बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ साली मिळालं. सॉफ्टवेअर गंजत नाही असं आमच्या धंद्यात म्हणतात (ते फारसं खरं नाही, पण तो वेगळा लेख होईल!). लोखंडाला मात्र ही सवलत नाही.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, बर्मा रोड बंद पडला आणि चीनची रसद आसामातून डोंगरांवरून विमानाने जाऊ लागली. सी-४७ आणि सी-८७ या दोन्ही विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची चौदा सिलिंडरची आर-१८३० इंजिनं होती. त्या डोंगरांत शेकडो विमानं पडली. कारणं अनेक, हवामान हे मोठं. पण सुटं इंजिन खोक्यातच गंजलं असेल, तर वैमानिकाने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

अमेरिकेतून ही इंजिनं समुद्रमार्गे कित्येक आठवडे प्रवास करत यायची. दिवसा तापलेलं जहाज रात्री गार झालं की लोखंडाला घाम सुटतो. जुना उपाय म्हणजे कॉस्मोलिनसारखं जाड ग्रीस थापणं. रायफलींना ते ठीक. पण ते काढायला तासन् तास घासावं लागे, आणि कामगाराच्या बोटांचा खारट ठसा खाली राहिला असेल तर ग्रीसच्या आडही गंज धरायचा. शिवाय शिसं घातलेल्या पेट्रोलवर इंजिन चाचणीसाठी चालवलं की सिलिंडरमध्ये आम्लाचे अंश उरत. बाहेरून लेप देऊन त्यांना काय होणार?

खरी युक्ती सापडली ती उलट्या बाजूने: लोखंड झाकण्याऐवजी हवाच कोरडी करायची. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, हे इंग्लंडच्या व्हर्नन यांनी युद्धाआधीच्या प्रयोगांत दाखवलं होतं. मग आत संरक्षक तेल फवारायचं, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग बसवायचे, प्लायोफिल्मच्या पिशवीत आणखी पुड्या टाकून ती हवाबंद करायची. आपण चकलीचा डबा घट्ट लावतो ना, सादळू नये म्हणून, अगदी तसंच! प्लगमधले खडे निळे असतील तर आत कोरडं. गुलाबी झाले की पुडी बदला. खोकं न उघडता कळायचं, हे मला सगळ्यात आवडतं.

इकडे बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये १९४३ पासून अमेरिकन वायुदलाची विमानं आणि इंजिनं दुरुस्त होऊ लागली. हा कारखाना १९४० साली काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, बरं का!

ती निळाई कोबाल्ट क्लोराईडची. ते कर्करोगकारक ठरल्यावर युरोपात त्याचा वापर मागे पडला आणि नारिंगी खडे आले. तेही ओलावले तर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.