मुकादमाची मर्जी आणि भाताची शेती

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्यवस्थापनशास्त्रात एक विषय चांगलाच फोफावला आहे. वरिष्ठ माणूस हाताखालच्याशी अपमानकारक वागला, तर हाताखालचा काय करतो? बेनेट टेपर या अमेरिकी अभ्यासकानं २००० साली यावर एक निबंध लिहिला आणि मग निबंधांची रांगच लागली. त्याच सुमारास फ्रेड लुथान्स यांनी ‘मानसिक भांडवल’ ही कल्पना मांडली. आशा, स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास, चिवटपणा आणि आशावाद, असे त्याचे चार घटक. हे भांडवल ज्याच्यापाशी जास्त, तो जाच सोसूनही मोडत नाही, असा एकूण सूर. एका कचेरीत मी नोकरीला असताना आम्हाला याचं प्रशिक्षणही मिळालं होतं. ज्यांच्या वागण्यामुळे ते द्यावं लागलं, ते साहेब मात्र त्या दिवशी फिरतीवर होते.

या कल्पनेत मला खटकतो तो ‘भांडवल’ हा शब्द. भांडवल म्हटलं की ते आलं कुठून, हे विचारायला हवं. आणि ते विचारायला मुंबईच्या गिरण्यांइतकी चांगली जागा नाही.

गिरणीत कामगाराचा खरा साहेब म्हणजे जॉबर, आपल्या भाषेत मुकादम. मालक कुठे तरी फोर्टात, मॅनेजर इंग्रज किंवा पारशी. कामगाराची गाठ पडे ती मुकादमाशी. कामावर तोच घेई, काढीही तोच. चांगला साचा कुणाला, रड सूत कुणाला, रजा कुणाला, हे सगळं त्याच्या मर्जीवर. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. सकाळी भोंग्याच्या वेळी दारात बदली कामगार उभे असत आणि आज कुणाची चूल पेटणार, हे मुकादमाच्या नजरेवर ठरे. पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडे. कापडात खोट निघाली तर दंड, किंवा ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती.

यावर कामगार काय करी? बहुतेक वेळा काहीच नाही, असं वरवर पाहता दिसतं. पण तो गैरहजर राही. एक गिरणी सोडून दुसरीत जाई. मुकादमाचं मन वळवायला त्याच्या गाववाल्याला मध्ये घाली. नाही तर सरळ गावी निघून जाई. मालकांच्या कागदोपत्री याचं नाव आळस आणि बेशिस्त. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७०च्या पुस्तकात माणसाचे दोन मार्ग सांगितले, निघून जाणं आणि आवाज उठवणं. गिरणी कामगाराला पहिला मार्ग बराच आधी पाठ होता.

दुसऱ्या मार्गाची सुरुवात नारायण मेघाजी लोखंड्यांपासून. ते स्वतः एका गिरणीत भांडारपाल होते, त्यामुळे खात्यातला जाच त्यांनी जवळून पाहिला होता. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, इजा झाली तर मदत. आज वाचताना या मागण्या किती नम्र वाटतात! तरी रविवार मिळायला १८९० उजाडावं लागलं. त्या वर्षी २४ एप्रिलला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यांत दोन बायका बोलल्या. जूनमध्ये मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. त्या दोघींबद्दल मला फार कुतूहल आहे. दहा हजारांपुढे उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नायकिणीपुढे! हे धैर्य शेतीवाडीच्या हिशोबात बसवता येत नाही, आणि मी ते बसवणारही नाही.

पण धैर्य एक दिवस पुरवणं वेगळं आणि सहा महिने पुरवणं वेगळं. १९२८ साली एका माणसानं जास्त साचे चालवावेत या योजनेवरून आणि मजुरीतल्या कपातीवरून मुंबईच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद पडल्या. एप्रिल ते ऑक्टोबर. दीड लाखाच्या घरात माणसं. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपात उभी राहिली. इतके दिवस लोक टिकले कसे? राजनारायण चंदावरकर यांनी याचं उत्तर दिलं आहे, आणि ते मला पूर्ण पटतं. कामगाराची गावाशी न तुटलेली नाळ ही त्याची ताकद होती. रत्नागिरीचा माणूस बोटीनं गावी गेला, पावसाळ्यात भाताची लावणी केली, घरचा तांदूळ खाल्ला. जे मुंबईत राहिले त्यांना वाण्यानं उधार दिलं, खानावळवालीनं थकबाकी सोसली, गाववाल्यांच्या खोलीत झोपायला जागा मिळाली. अर्धा शेतकरी म्हणून तो कच्चा कामगार, असं जे मालक म्हणत होते, त्याच अर्ध्या शेतकऱ्यानं त्यांना सहा महिने रोखून धरलं. चिवटपणा होताच, पण तो दोन बिघे जमिनीवर पाय रोवून उभा होता.

मग ज्याला जमीनच नाही त्याचं काय?

गिरणीत सगळ्यात चांगला पगार साचेखात्यात, आणि तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यात. बॉबिन बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा हाती घ्यायला सवर्ण विणकर तयार नव्हते. म्हणजे इथे जाच करणारा मुकादम नव्हता. शेजारचा साचा चालवणारा, युनियनची वर्गणी भरणारा सोबती होता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलं, की जे खातं आमच्या माणसांना बंद आहे, त्याच्यासाठी त्यांनी उपाशी का राहावं? पुढाऱ्यांनी ती मागणी यादीत घातली, पण नाराजीनंच. मालकांनी काय म्हणावं? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि सोयीचंही होतं.

पुढल्याच वर्षी, १९२९ साली, पुन्हा संप पुकारला गेला. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. यावरून त्यांना संपफोडे म्हणणारे तेव्हा होते आणि अजूनही अधूनमधून भेटतात. मला तो विरोध हिशोबी आणि बरोबर वाटतो. आदल्या वर्षीच्या संपानं कामगार कर्जात बुडाले होते. ज्याच्यापाशी लावणीचं शेत नाही आणि ज्याला वाणीही हात राखून उधार देतो, त्याच्याकडून सारख्याच चिवटपणाची अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पैज लावणं. आणि त्यांना संपाचं वावडं होतं म्हणावं, तर ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता, तोही कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून.

मुकादमाची सत्ता पुढे कमी झाली, ती मात्र कुणाचं मनोबल वाढल्यामुळे नव्हे. १९३५ साली मालकसंघानं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली आणि दारातल्या निवडीवर थोडा लगाम आला. १९३६च्या वेतन कायद्यानं पगाराची मुदत ठरवली आणि दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. साचेखात्याचं दार मात्र त्या कार्डानंही उघडलं नाही आणि त्या कायद्यानंही नाही.