फुकटचा समुद्र

समुद्र पाहायला पैसे लागत नाहीत, हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं तो गृहस्थ ब्रह्मचारी असला पाहिजे. बायको आणि दोन मुलं बरोबर असताना समुद्राला फक्त पाहून परत आलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. वाळूत पाऊल पडायचा अवकाश, की भेळ, शहाळं, घोडा, कणीस आणि फुगा अशा क्रमाने खिसा हलका होत जातो. सूर्य बुडतो तेव्हा आपणही बऱ्यापैकी बुडालेले असतो.

त्यामुळे आमच्या रत्नागिरीच्या काकांनी, "या, दोन दिवस राहा, एक छदाम खर्च न करता सगळं गाव दाखवतो," असं फोनवर सांगितलं, तेव्हा मी रजेचा अर्ज आधी टाकला आणि बायकोला मागाहून विचारलं. काकांनी गिरगावातल्या एका खोलीत छत्तीस वर्षं काढली आणि पेन्शन सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते गावी परतले. काटकसर हा त्यांचा स्वभाव नसून धर्म आहे.

पहिल्या दिवशी सकाळी मोहीम निघाली ती टिळक आळीत. कौलारू घर, अंगण, गार सावली. "१८५६ साली लोकमान्य इथे जन्मले," काका म्हणाले. "दहा वर्षांचे होईपर्यंत इथेच होते. मग वडिलांची बदली झाली, गेले पुण्याला."

"इथे तिकीट?" मी सवयीने विचारलं.

"अरे, स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, तर हे घर बघणं नसेल काय?"

तिथून चालत पतितपावन मंदिरात. हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी स्वतःचे पैसे घालून १९३१ साली बांधलं, सर्व जातींच्या हिंदूंना दर्शन खुलं असावं म्हणून. त्यामागची प्रेरणा सावरकरांची. सावरकर १९२४ मध्ये येरवड्याहून सुटले ते दोन मुख्य अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. मुदत पाच वर्षांची होती, पण सरकारने ती वाढवत वाढवत १९३७ पर्यंत नेली.

"म्हणजे तेरा वर्षं समुद्रकाठी," मी हिशेब केला. "आम्हाला दोन दिवसांची रजा मिळताना मारामार."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मंदिराच्या खांबाकडे पाहू लागलो. "१९१० साली ज्या माणसाने मार्सेल्सच्या बंदरात बोटीतून समुद्रात उडी टाकली," ते म्हणाले, "त्याला समुद्राशेजारी आणून ठेवला आणि सांगितलं, आता बघत बस. हवा चांगली आहे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. धाकट्याने मात्र, "बाबा, आइस्क्रीम," असं हळूच सुचवून पाहिलं. काकांनी त्याला घरी नेऊन कोकमाचं सरबत पाजलं. तेही फुकट.

संध्याकाळी थिबा राजवाडा. तो उंचावर आहे आणि काकांच्या मते उंचावर चालत जाण्यातच मजा आहे. (रिक्षावाल्यांचं मत निराळं दिसलं.) आत संग्रहालय आहे, पण तिथे तिकीट असेल या नुसत्या संशयावरून काकांनी आम्हाला वाडा बाहेरून दाखवला. "वाडा बाहेरूनच शोभतो," हे त्यांचं म्हणणं, आणि शोभत होता यात शंका नाही. मग त्यांनी आम्हाला जवळच्या कड्यावर नेऊन बसवलं. खाली भाट्याची खाडी, पुढे पूल, त्यापलीकडे सुरूचं बन आणि मग नुसता समुद्र.

"या गावात फुकट राहण्याची परंपरा फार थोर आहे," काकांनी सुरुवात केली. "पहिला मानकरी हा थिबा. ब्रह्मदेशचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रासला नेला आणि १८८६ च्या एप्रिलात इथे आणून उतरवला. राहणं, खाणं, पेन्शन, सगळं सरकारी."

"पण रत्नागिरीच का?" बायकोने विचारलं.

"कारण सूनबाई, इथून निसटायचं कुठे? आगगाडी नाही. इकडे सह्याद्री, तिकडे दर्या. बोट यायची, पण पावसाळ्यात तीही बंद. चार महिने गाव म्हणजे कुलूप घातलेली पेटी. आणि आगगाडी आली केव्हा? कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडलं. थिबाने वाट बघायची म्हटली असती तरी किती बघायची?"

इंग्रजांचा हा जुनाच उद्योग. १८५७ नंतर दिल्लीचा बादशहा बहादुरशहा जफर याला त्यांनी रंगूनला धाडला. तो १८६२ साली तिथेच वारला. तिकडची माणसं इकडे आणि इकडची तिकडे, असा सगळा कारभार. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना शिक्षा झाली १९०८ साली आणि त्यांना ठेवलं कुठे, तर मंडालेला, थिबाच्या राजधानीत. सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत! १९१० च्या अखेरीस थिबा या नव्या वाड्यात राहायला आला, आणि त्याच हिवाळ्यात टिळक तिकडे तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत बसले होते.

"एकमेकांना पत्र लिहून घरं बदलून घेतली असती," मोठी म्हणाली. मुलीला गणितात कमी मार्क आहेत, पण व्यवहार कळतो.

वाडा उठला तोवर राजाला इथे येऊन चोवीस वर्षं झाली होती. पेन्शन पुरत नव्हती, कर्ज होत होतं, मंडालेहून आणलेले दागिने एकामागून एक विकले जात होते. हे ऐकताना मला त्या राजाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. पगार पंधरवड्यात संपणाऱ्या माणसाला राजांबद्दल अशी आपुलकी एरवी वाटत नाही. पण मला महिना संपायची वाट तरी पाहता येते. थिबाला कशाचीच वाट पाहता येत नव्हती. मोठा वाडा, उत्तम हवा, समोर रोजचा सूर्यास्त, एवढं सगळं मिळून तीस वर्षं झाली आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. राणीला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. परवानगी मिळाली नाही. ती स्वतः १९१९ साली रंगूनला परतली. राजाची समाधी रत्नागिरीत राहिली. थोरली राजकन्याही शेवटी इथलीच झाली आणि तिची मुलगी, म्हणजे ब्रह्मदेशच्या राजाची नात, याच गावात मराठी बोलत, शेणी थापत म्हातारी होऊन २००० साली गेली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या समाधीला नमस्कार करायला आले. तेवढ्यात शहाण्णव वर्षं गेली होती.

सूर्य अर्धा पाण्यात गेला होता. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं, एकाने कणीस सोलून टरफल खाली टाकलं. मला वाटलं, हाच सूर्य, हेच पाणी. आम्ही दोन दिवसांत "काय सुरेख" असं नऊ वेळा म्हणालो. रोज तेच बघावं लागलेला राजा काय म्हणत असेल?

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंना समुद्र, आत भगवतीचं देऊळ. मग काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. वाळूच्या रंगावरून ही नावं पडली, आणि एका गावात दोन रंगांचे समुद्र मिळूनही खर्च शून्य. शेवटी मांडवीची जेटी. तिथे काका जरा गप्प झाले.

"मुंबईची बोट बाहेर उभी राहायची," ते म्हणाले. "आम्ही पडावातून किनाऱ्याला यायचो. मे महिन्यात पंधरा दिवस. तिकिटाचे पैसे वर्षभर डब्यात साठवायचे. येतानाचं तिकीट काढताना हात कधी थरथरला नाही. परतीचं काढताना थरथरायचा."

छत्तीस वर्षं त्यांनी असं केलं. त्या बोटी आता नाहीत आणि काकांना परतीचं तिकीट काढायचं नाही. ज्या समुद्राकडे बघून एक राजा सुटकेची वाट पाहत बसला, त्याच समुद्राशी येऊन बसण्यासाठी एका कारकुनाने जन्मभर डबा भरला. समुद्र दोघांनाही फुकटच होता म्हणायचा!

रात्री काका एसटी स्टँडवर पोचवायला आले. दोन दिवसांचा जमाखर्च मी मनात मांडला. खर्च खरोखरच शून्य. पैज जिंकल्याबद्दल मी त्यांना वाकून नमस्कार केला. तेवढ्यात त्यांनी दोन्ही मुलांच्या हातांत शंभराची एकेक नोट कोंबली. "खाऊला ठेवा."

"काका, पैज मोडली तुमची!"

"गप रे. तिकीट नीट ठेवलंस ना?"

मी खिसा चाचपला. तिकीट होतं. गाडी सुटून हातखंब्याचा फाटा येईपर्यंत मी ते आणखी दोनदा चाचपून पाहिलं.